कार्ड बसलंय, मग दिसत का नाही?

जुने कॉम्प्युटर जिवंत करत बसायचा नाद मला आहे, हे आता ओळखीत सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी हेच विचारतं: "पेंटियम थ्रीमध्ये दुसरं ग्राफिक्स कार्ड टाकलं. स्लॉटमध्ये बसलंय, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीच. कार्ड गेलंय का हो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तरच सांगतो.

बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं.

आधी कार्डाच्या सोनेरी पट्टीतल्या खाचा बघा. १९९७ च्या सुमारास एजीपी (ग्राफिक्स कार्डासाठीचा खास स्लॉट) आलं ते ३.३ व्होल्टचं, मग १.५ व्होल्टचं आलं. स्क्रूच्या पत्र्याजवळची खाच ३.३ ची, लांबची १.५ ची. दोन्ही असतील तर कार्ड दोन्हीकडे चालायला हवं. चुकीचं कार्ड आत जाऊच नये म्हणून ही सोय. पण खाच एक आणि आतली जोडणी दुसरीच, अशीही कार्डं निघाली आहेत, आणि १.५ च्या मदरबोर्डात ३.३ चं कार्ड घुसलं तर बोर्डच जळू शकतो. तेव्हा घेताना खाचा आधी, घासाघीस नंतर.

माझ्याकडचा पेंटियम थ्री बाबांनी १९९९ मध्ये हप्त्यांवर घेतलेला. बोर्डावर इंटेलचा ४४० बीएक्स चिपसेट (प्रोसेसर, मेमरी, कार्डं यांना जोडणाऱ्या चिप्स), म्हणजे ३.३ व्होल्टचं एजीपी. पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी जीफोर्स २ एमएक्स कार्ड आणलं, दोन खाचांचं. बसवलं, बटण दाबलं: एक लांब बीप, दोन आखूड. अवॉर्ड बायॉसच्या (कॉम्प्युटर चालू होताना सगळं तपासणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या) भाषेत याचा अर्थ ग्राफिक्स कार्डाची तक्रार. कार्ड काढलं, पट्टी खोडरबरने पुसली, परत बसवलं. चित्र आलं! खुशीत पत्र्याचा स्क्रू आवळला, आणि पुन्हा तेच बीप. तिसऱ्या खेपेला बॅटरी मारून बघितलं तेव्हा कळलं: स्क्रू घट्ट झाला की कार्डाचं मागचं टोक केसभर वर उचललं जात होतं. ते धरून ठेवणारी खुंटी या बोर्डाला नाहीच.

मग विंडोज ९८ उघडलं ते १६ रंगांत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्राम) काढा, मग नवा टाका. सगळ्यात ताजा ड्रायव्हरच हवा हा हट्ट मात्र सोडा. जुन्या मशीनवर बऱ्याचदा त्याच काळातला बरा चालतो.

खरा छळ पुढे. डेस्कटॉप तासन् तास चालायचा, पण थ्रीडी गेम लावला की पाच मिनिटांत सगळं गोठायचं. चार ड्रायव्हर बदलले, विंडोज दोनदा नव्याने टाकलं. घोडं पेंड खात होतं भलतीकडेच. शेवटी पॉवर सप्लायच्या नारिंगी, म्हणजे ३.३ व्होल्टच्या वायरला मल्टिमीटर लावला. एरवी ३.२४ व्होल्ट, गेम सुरू होताच ३.०६. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ३.१४ च्या खाली जाता कामा नये. हे मोजायचं मला महिनाभर सुचलं नव्हतं, आणि मी लोकांना सल्ले देत होतो.

सप्लाय उघडला तर तीन कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे डबीसारखे भाग) वरून फुगलेले. (तुम्ही उघडणार असाल तर जपून, प्लग काढल्यावरही आत झटका देण्याइतका चार्ज राहतो. सवय नसेल तर जाणत्याकडे द्या.) नवाच सप्लाय का नाही घेतला, असं बायकोनेही विचारलं. आजचे सप्लाय ताकद राखतात १२ व्होल्टवर, आणि माझा बोर्ड प्रोसेसरला वीज देतो ५ व्होल्टमधून. नवा घ्यायचाच तर वॅटचा आकडा बाजूला ठेवून लेबलावर ५ आणि ३.३ समोरचे अँपिअर वाचा.

कपॅसिटर बदलले. आता गेम चालू असताना ३.२९ दिसतं. स्क्रू मात्र मी अजून अर्धाच आवळतो.