तुम्ही विचारलंत म्हणून: रबराचे बुश मी परत का बसवले

"एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी, मग खालचं सस्पेन्शन सगळं १९७० सालचंच का ठेवलंत? बाजारात आता एकाहून एक सरस किट मिळतात." गणपतीला घरी आलेले पाहुणे असोत, नाहीतर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर गाड्यांच्या रांगेत शेजारी येऊन उभं राहणारं कुणी असो, प्रश्न हाच असतो. उभ्या उभ्या उत्तर देणं मला जमत नाही, कारण खरं उत्तर गाडीखाली आडवं होऊन दाखवावं लागतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

गाडी १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल, दोन दारांची. त्या काळच्या कॅमॅरो, मस्टँग, चार्जर या गाड्यांच्या मागे आपल्याकडच्या ट्रकसारखे कमानपाटे असत. पाटा वजनही पेलतो आणि मागची दोन चाकं जोडणाऱ्या अ‍ॅक्सललाही जागेवर धरून ठेवतो. शेव्हेल आणि तिची भावंडं, म्हणजे पॉन्टिअ‍ॅक जीटीओ आणि ओल्ड्समोबिल ४४२, यांना मात्र जनरल मोटर्सने १९६४ पासून मागे कॉइल स्प्रिंग दिली. कॉइल फक्त वजन पेलते. अ‍ॅक्सलला धरायचं काम मग चार आर्मकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला (चासीला) जोडणाऱ्या दांड्यांकडे आलं.

खालचे दोन आर्म गाडीच्या लांबीला धरून, जवळजवळ सरळ. वरचे दोन तिरके: मागच्या टोकाला डिफरन्शियलच्या हाउसिंगवर (मधल्या फुगीर डब्यावर) एकमेकांच्या जवळ, पुढे चासीकडे फाकत गेलेले. त्या तिरकेपणामुळेच अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकत नाही, वेगळा आडवा दांडा लागत नाही. पण वळणावर गाडी एका अंगावर कलते, तेव्हा या चौघांना चार वेगळ्या वाटांनी फिरायचं असतं आणि ते एकमेकांना अडवतात. टोकाला नुसतं लोखंड असतं तर मागची बाजू जाम झाली असती. गाडी कलू शकते, कारण प्रत्येक आर्मच्या टोकाला रबराचा बुश आहे, म्हणजे बोल्टभोवतीची रबरी गादी. तो दबतो, पिळतो, प्रत्येकाला हवी तेवढी मोकळीक देतो. आर्मही पत्रा दाबून केलेला, उघड्या पन्हाळीसारखा. तोसुद्धा थोडा पिळतो. ही मांडणी रबराला धरूनच केलेली आहे.

मला हे उशिरा कळलं. गाडी घेतली तेव्हा बुशांचं रबर भेगाळून बाहेर आलं होतं. एका गॅरेजवाल्याने सुचवलं की पॉलियुरेथेनचे कडक बुश घाला, पुन्हा बघायला नको. चारही आर्मना, दोन्ही टोकांना ते घातले. आठवडाभर मी खूश होते. गाडी ताठ वाटायची, कलायची कमी. मग एका पावसाळी संध्याकाळी हायवेवरून उतरणाऱ्या गोल रॅम्पवर, काही विशेष वेग नसताना, मागची बाजू एका क्षणात सुटली. आधी काही कुरकुर नाही, इशारा नाही. शेजारची लेन रिकामी होती म्हणून आज हे लिहिते आहे. मुलगी मागच्या सीटवर होती.

नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसले तेव्हा कारण समजलं. वरच्या तिरक्या आर्मची मोकळीक संपली होती. आर्म एकमेकांत अडकले की अख्खा अ‍ॅक्सल एखाद्या जाडजूड स्टॅबिलायझर बारसारखा (गाडीचं कलणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्यासारखा) वागतो: आतल्या चाकावरचं वजन उचलून बाहेरच्या चाकावर टाकतो, आणि ओल्या रस्त्यावर मागचे टायर एकदमच पकड सोडतात.

खरं उत्तर तर कारखान्याच्याच यादीत होतं. १९७० साली एफ ४१ नावाचं सस्पेन्शन मिळे, त्यात मागे स्टॅबिलायझर बार असे. तो बार खालच्या आर्मना बोल्टने जोडलेला, म्हणून तेवढ्या खालच्या आर्मची उघडी बाजू पट्टी लावून बंद केली. वरचे आर्म मात्र तसेच उघडे ठेवले, आणि बुश सगळे रबराचेच. कुठे ताठ करायचं आणि कुठे ढिलं सोडायचं, हे त्या इंजिनिअरांना नेमकं माहीत होतं. हे लक्षात आलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

कारखान्यातून आलं ते सगळं पवित्र, असं मी मानत नाही. १९६७ च्या कॅमॅरोला मागे प्रत्येक बाजूला एकाच पानाचा पाटा होता. जोरात निघताना अ‍ॅक्सल थडथड उडायचा, म्हणून १९६८ ला त्यांनीच एक शॉकअ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे नेला. मस्टँगचा पुढचा वरचा आर्म १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये एक इंच खाली घेतला, ती कल्पना फोर्डच्याच क्लाउस आर्निंग यांची.  

बदल मीही केलेत. शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे आहेत, टायर रेडियल आहेत. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांच्या कोनांचे, जुने आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या) टायरसाठी होते, म्हणून पुढच्या वरच्या आर्ममागचे शिम (पातळ चकत्या) बदलून कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, वाढवून घेतला. मागे एफ ४१ प्रमाणे बार आणि बंद केलेले खालचे आर्म. बुश रबराचे.

ते बसवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. या बुशात रबर दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं असतं; बोल्ट आवळला की आतली नळी पक्की होते आणि हालचाल सगळी रबराच्या पिळावर येते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली उतरवताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून नट नुसते हाताने लावले, गाडी चारही चाकांवर उभी केली, पुढून-मागून दाबून स्प्रिंग बसू दिल्या आणि मग खाली शिरून एकेक आवळला. अख्खा रविवार गेला.

पुढच्या पावसात मुद्दाम त्याच रॅम्पवर गेले, एकटी. मागची बाजू हळूहळू कलली, सीटमधून जाणवलं, मी पाय थोडा उचलला आणि गाडी वळणाबरोबर फिरत राहिली.