हो, बांधतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

लग्नघरी, एसटीत, भाचीच्या मैत्रिणींत, सगळीकडे तोच प्रश्न: "सिस्टर, वेड्यांना तुम्ही बांधता का हो?"

हो, बांधतो. रुंद बँडेजनं, आणि थोड्या थोड्या वेळानं बोटांचा रंग बघत राहतो. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, दुसरा उपायच उरला नाही तर बांधा. शिक्षा म्हणून नको, माणसं कमी आहेत म्हणूनही नको. नाईटला कॅज्युअल्टीत आम्ही दोघी असतो. आता बोला.

मला छळतं ते बांधण्याच्या आधीचं.

विशीतला मुलगा. बाप आणि चुलत्यांनी जीपमधून आणलेला. चार रात्री झोप नाही. गावानं पाण्यात विष कालवलंय, यावर तो ठाम. सलाईनचा स्टँड उगारून कोपऱ्यात उभा. मी लांब थांबले, दाराची वाट मोकळी ठेवली, आवाज खाली आणला. पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आधी तुम्ही प्या."

मी प्यायले. उरलेलं तो प्यायला. स्टँड ठेवला, खाली बसला.

"मला धरणार नाहीत ना?"

"नाही रे बाळा, कुणी हात लावणार नाही." आणि हात पाठीमागे नेऊन मी वॉर्डबॉय मामांना खूण केली.

चौघांनी धरलं. डॉक्टरांनी सांगितलेली शांत करणारी इंजेक्शनं, हॅलोपेरिडॉल 5 मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन 50, मी मांडीत दिली. मग शुगर, ताप बघितला. ते चुकवून चालत नाही, शुगर उतरलेला माणूसही असाच बिथरतो. सगळं ठीक निघालं. मला शाबासकी मिळाली.

पण तो बसला होता. आणखी दहा मिनिटं दिली असती तर कदाचित गोळी तोंडानं घेतली असती. त्या रात्रीची मी चिडून म्हणते, बाहेर अपघाताचे तिघं रक्तबंबाळ पडले होते, दहा मिनिटं कुठून आणायची? तिचंही खरंच आहे.

पाचव्या दिवशी वॉर्डात त्यानं मला ओळखलं. "तुम्ही पाणी प्यायलात, म्हणून मी बसलो होतो," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून मी आधीच सांगते: इंजेक्शन द्यावं लागेल, हे लोक धरतील, मी इथंच आहे. काही जण स्वतःहून हात पुढे करतात. मागच्या महिन्यात एकजण ते ऐकूनच अंगावर आला. माझ्या जोडीच्या सिस्टरच्या कपाळाला चार टाके पडले. ड्रेसिंग करून घेताना ती म्हणाली, "ताई, थोडं खोटं बोलला असतात तर?"

आज नाईटला आम्ही दोघीच आहोत.