सुगरणीला काय सांगायचं?

शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात, पण तो शब्द नेमका हवा. वर्षानुवर्षं उकडीचे मोदक करणाऱ्या बाईला 'नीट मळा' सांगून काय उपयोग? 'तांदूळ नवा आहे, पाणी बेतानं' एवढंच सांगा. हात बसलेल्या माणसाची चूक इथेच होते. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी हे अंगवळणी पडलेलं असतं; पण नव्या तांदळाचं पीठ पाणी कमी ओढतं आणि उकड चिकट होते. जुन्याचं जास्त ओढतं, मग पारी चिरते. चिरली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळता येतं. सैल उकड सावरणं कठीण.

नवशिक्याला मात्र सगळं सांगावं: चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, गॅस बंद करून ५ मिनिटं झाकण, गरम असतानाच मळणं. आणि सांगायचं ते पाणी उकळण्याआधी!