खिडक्या, पेटी आणि तो चहा

रविवारी १० ऑक्टोबर २०२१ ला मुंबईतलं आमचं चर्च परत उघडलं. सरकारने घटस्थापनेपासून, म्हणजे ७ तारखेपासून, कोरोनामुळे बंद असलेल्या सगळ्या धर्मस्थळांना परवानगी दिली आणि गुरुवारपासूनच आमच्या पंच कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळींच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा. मी त्या कमिटीवर आहे, कसा आलो ते विचारू नका, मीटिंगला गैरहजर राहिलं की असं होतं.

हे आमचं दुसऱ्यांदा उघडणं. पहिल्यांदा आदल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० ला परवानगी मिळाली होती, तो सोमवार, मग २२ तारखेला पहिली उपासना. आठ महिने मोबाईलवर पाळकसाहेबांचं (म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं) कपाळ आणि वरचा पंखा बघत उपासना केलेली, त्यामुळे लोकं इतकी आसुसलेली की दारातच रडारड. पुढच्याच रविवारी २९ नोव्हेंबर, नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आमची मातृसंस्था) स्थापन झाली त्याला बरोबर ५० वर्षं, एरवी केवढा मोठा कार्यक्रम झाला असता, आम्ही एकाआड एक बाकावर बसून मास्कच्या आतून आमेन म्हणलं आणि घरी गेलो.

घरी गेलो असं लिहिलं खरं, पण सरळ घरी कोणीच गेलं नव्हतं. त्याच्याबद्दलच लिहायचंय.

तेव्हा आमची तयारी काय जबरदस्त होती. दारात ती पिस्तुलासारखी थर्मल गन, जी प्रत्येकाचं टेंपरेचर ३३ दाखवायची, म्हणजे सगळी मंडळी थेट फ्रीजमधून उपासनेला आलेली. सॅनिटायझरचा पायाने दाबायचा स्टँड. शनिवारी संध्याकाळी तरुण संघाची पोरं बाकं हायपोक्लोराइटने पुसायची, वास रविवारपर्यंत रहायचा आणि जुन्या सागवानी बाकांचं पॉलिश गेलं ते गेलंच. गीतांची पुस्तकं कपाटात बंद. दानाची थैली फिरवायची नाही म्हणून खांबावर क्यूआर कोड चिकटवला (खजिनदारांचा त्याला कडक विरोध होता, आता तेच सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवा म्हणून मागे लागतात). आणि हे सगळं झाल्यावर, उपासना संपल्यावर, मागच्या छोट्या हॉलमधे चहा.

तो हॉल म्हणजे बारा बाय वीसची खोली. एक दार, एक खिडकी, खिडकीला कबुतरांची जाळी आणि तिच्यासमोर लोखंडी कपाट. तिथे तीस-पस्तीस माणसं मास्क हनुवटीवर ओढून, हातात कप घेऊन, आठ महिन्यांच्या साठलेल्या गप्पा, आणि त्या पण मोठमोठ्याने, कारण आमच्यात हळू बोलायची पद्धत नाही. ज्या बाकावर माणूस तोंड बंद करून बसतो ते बाक आम्ही घासत होतो आणि जिथे तोंड उघडतो ती खोली कोणाच्या डोक्यातच आली नाही. चहा चालू ठेवायचा का असा विषय निघाला होता तेव्हा "राहू द्या हो, लोकं तेवढ्यासाठी तरी येतात" असं बोलणारा मी होतो. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

मार्च २०२१ मधे एका आठवड्यात आमच्या चार जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कुठे लागण झाली हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, तेव्हा मुंबईत आकडे चढतच होते, बाजार होता, लोकल होती, ऑफिस होतं. पण चौघंही आधीच्या रविवारी त्या खोलीत होते. तिघं बरे झाले. एका काकांना आम्ही शिवडीच्या दफनभूमीत नेलं, वीसच माणसांना परवानगी, तरुण संघातली दोन पोरं पीपीई किटमधे, आणि बाकीची मंडळी फोनवर. मग ४ एप्रिलला ईस्टर, त्याच दिवशी सरकारचे नवे निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून परत कुलूप.

त्यानंतर सहा महिने डोक्यात हेच. मे महिन्यात केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसने एक पत्रक काढलं होतं, ते माझ्या भाच्याने पाठवलं. त्यात लिहिलेलं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात पण अगदी बारीक कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या-दारं उघडी ठेवा, एक्झॉस्ट लावा, पंख्याचा झोत एकाकडून दुसऱ्याकडे जाईल असा ठेवू नका, चित्रं काढून समजावलेलं. उदबत्ती लावल्यासारखं आहे मामा, खोली बंद असली तर वास साठत जातो, खिडकी उघडली की जातो, असं भाचा म्हणला. एवढं सोपं आम्हाला वर्षभर कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि आम्ही बाकं पुसत असू.

म्हणून यावेळी मी मीटिंगमधे एकच गोष्ट लावून धरली, खिडक्या. आमच्या चर्चला चौदा खिडक्या आहेत, उंच, कमानीच्या, ज्यांनी बांधलं त्यांना एसी माहीत नव्हता त्यामुळे हवेचा विचार त्यांनी आमच्यापेक्षा चांगला केलेला. पण एसी बसवला तेव्हा त्या सगळ्या बंद केल्या आणि वरून ऑइलपेंटचे तीन-चार हात, त्यामुळे चौकट आणि झडप एकजीव. सुतार बोलावला, तो दोन दिवस पटाशी घेऊन बसला, अकरा उघडल्या, दोन अर्ध्या, एक हातात आली. एसी बंद ठेवायचा म्हणल्यावर ज्यांच्या घरच्यांनी तो देणगी दिला होता त्यांचा मुलगा नाराज, "मग काढूनच टाका ना" वगैरे. पाळकसाहेब त्याच्या घरी जाऊन आले तेव्हा शांत झाला.

दुसरं भांडण गाण्यावरून. आदल्या वर्षीच्या सरकारी नियमातच होतं की गायकवृंद नको, रेकॉर्ड लावा. पण मराठी चर्च आणि गाणं नाही? पेटी, तबला, झांजा, आणि मागच्या बाकावरच्या बायकांचा तो वरचा सूर, त्याच्याशिवाय उपासना म्हणजे सोसायटीची जनरल बॉडी. मी कमिटीला अमेरिकेतल्या स्कॅगिट व्हॅलीच्या गायकवृंदाची गोष्ट सांगितली. १० मार्च २०२० ला अडीच तासांची प्रॅक्टिस, ती पण एका चर्चमधेच, ६१ जण आलेले, एकाला बरं वाटत नव्हतं, आणि नंतर त्याच्यासकट ५३ जण आजारी, त्यातले ३३ टेस्टने पक्के झालेले, दोघं गेले. मीटिंगमधे जरा वेळ शांतता. मग ठरलं, गीतं दोनच, दोन-दोन कडवी, मास्क न काढता, पेटीवाल्याने एकट्याने पेटी वाजवायची आणि मंडळींनी गुणगुणायचं. उपासना दीड तासाऐवजी चाळीस मिनिटं. पाळकसाहेबांना संदेश (प्रवचन) बारा मिनिटांत बसवायला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं, आणि खरं सांगू, कमिटीच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, दोन्ही मास्कमुळे झाकलं गेलं.

६५ च्या वरच्यांचं काय हा सगळ्यात अवघड प्रश्न. येऊ नका हे सांगायचं कोणी? आमच्याकडे दर रविवारी नेमाने येणारे निम्मे तेच आहेत. फोन करायची ड्युटी मला दिली आणि पहिल्याच फोनला एक आजी म्हणाल्या, "अरे बाळा, दोन डोस झालेत माझे, आणि आता नाही यायचं तर मग कधी, खांद्यावरून?" यावर काय बोलणार. शेवटी अंगणात बदामाच्या झाडाखाली मांडवाच्या खुर्च्या टाकल्या, लांब लांब, आणि खिडकीत एक छोटा स्पीकर. अंगण म्हणजे सगळ्यात मोकळी हवा, तर ती जागा म्हाताऱ्यांची, आम्ही आत. ऑक्टोबर हीटमधे त्यांना सावली आणि आम्हाला आत घाम, एकदम बरोबर वाटणी.

कल्याण-डोंबिवलीकडची मंडळी मात्र आली नाहीत. तेव्हा १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल मिळत होती, पण नुसता पास, एका दिवसाचं तिकीट नव्हतं, आणि चार रविवारांसाठी महिन्याचा पास कोण काढणार, त्यात रविवारचा मेगाब्लॉक. त्यांच्यासाठी ऑनलाइन चालू ठेवलंय.

प्रभुभोजन, म्हणजे येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, पुढच्या महिन्यात ठेवलंय. लॉकडाऊनमधे घरी चपातीचा तुकडा आणि कोकम सरबत घेऊन प्रभुभोजन केलेली कुटुंबं मला माहीत आहेत, त्यावर कमिटीत धर्मशास्त्राचा मोठा वाद झाला, तो इथे नको. आता काळ्या मनुका उकळून केलेला रस छोट्या छोट्या कपात आधीच भरून प्रत्येकाच्या जागेवर ठेवायचा असं चाललंय.

तर रविवार. अकरा खिडक्या उघड्या, त्यातून बेस्टचे हॉर्न, भंगारवाला, आणि बाजूच्या मंडळाची देवीची आरती, नेमकी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेच्या वेळेला. ते जरा थांबले, आरती संपली, मग पुढे सुरू. गुणगुणायचं ठरलेलं पहिल्या कडव्यापुरतं टिकलं, दुसऱ्याला अंगणातून आजींचा आवाज आला, चक्क मोकळा, वरच्या पट्टीत, त्या उघड्यावर असल्यामुळे मला आक्षेप घ्यायला जागाच नव्हती, आणि आतले सगळे मास्कमधे हं हं करत त्यांच्या मागे.

मागच्या हॉलला मी स्वतः कुलूप लावलं होतं, किल्ली खिशात. उपासना संपली, मंडळी सलाम सलाम करत गेटच्या बाहेर पडली आणि मी खिडक्या लावून पाच मिनिटांनी बाहेर येतो तर समोरच्या टपरीवर अख्खं चर्च. कटिंगचे ग्लास, मास्क हनुवटीवर, खजिनदार मधोमध. मी म्हणलं अहो जरा लांब लांब तरी उभे रहा, तर सगळे दोन-दोन पावलं मागे सरकले, फुटपाथ संपला म्हणून काही जण रस्त्यात. टपरीवाला मला विचारतो, "आत का चाय बंद किया क्या साब?"

हो म्हणलं. एक कटिंग घेतला आणि बसस्टॉपच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.