मी म्हणालोच होतो

2019 साली मी एका मराठी वृत्तवाहिनीत गेस्ट कोऑर्डिनेटर होते. काम म्हणजे संध्याकाळच्या डिबेटला चार माणसं बसवायची. एक इकडचा प्रवक्ता, एक तिकडचा आणि दोन ‘राजकीय विश्लेषक’. हे दोघेही इकडचे-तिकडचेच. फक्त नावाखालच्या पट्टीवर पक्ष लिहिलेला नसायचा.

कोण काय बोलणार, आम्हाला तोंडपाठ. ग्राफिक्सचा मुलगा आणि मी चहाची पैज लावायचो. पाहुण्यानं तोंड उघडायच्या आत त्याचं पहिलं वाक्य चिठ्ठीवर लिहायचं. एका साहेबांच्या जिवावर मी भरपूर चहा प्यायले. राष्ट्रवादीचं नाव निघालं की ते चष्मा काढून हातात घेत आणि म्हणत, “70 हजार कोटींचा सिंचन घोटाळा!” तोवर मला वाटायचं, माणूस एकांगी असला तरी मत त्याचं स्वतःचं असतं.

23 नोव्हेंबर, शनिवार. आदल्या संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमधून बाहेर पडताना शरद पवार सांगून गेले होते की, उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत आहे. सकाळच्या पेपरांत तेच. मी लोकलमध्ये पेपर उघडला आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. पहाटे 5.47 ला राष्ट्रपती राजवट उठली होती आणि आठच्या सुमारास राजभवनात फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री झाले होते.

डेस्कला फोनवरून लाइव्ह प्रतिक्रिया हव्या होत्या. एकच धोशा: “फोनो दे, कुणाचाही दे!”

पण फोन उचलतंय कोण? एरवी दुपारपासून “आज विषय काय?” म्हणून मेसेज टाकणारी ही मंडळी. एकानं कट केला. एकाच्या बायकोनं सांगितलं, आंघोळीला गेलेत. अर्ध्या तासानं परत केला, तरी आंघोळ चालूच. चष्मेवाल्या साहेबांनी मात्र उचलला.

“देतो गं, पण दहा मिनिटं थांब. आपल्याकडून अजून काही आलं नाहीये.”

‘आपल्याकडून’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. बहुधा त्यांनाही तो निसटल्याचं कळलं नाही.

साडेनऊला सगळ्यांनाच एकदम कंठ फुटला. साहेब स्टुडिओत येऊन बसले. “राज्याला स्थिर सरकार हवं होतं. अजितदादांची प्रशासनावर पकड आहे.” चष्मा नाकावरच. समोरच्या खुर्चीत तिकडचे विश्लेषक. सिंचनाचे आरोप म्हणजे निव्वळ सूडबुद्धी, हे त्यांनी याच खुर्चीत बसून आम्हाला कितीदा ऐकवलं होतं. आता ते टेबलावर बोट आपटून म्हणाले, “70 हजार कोटींचा सिंचन घोटाळा!”

ग्राफिक्सच्या मुलानं काचेपलीकडून मला चिठ्ठी दाखवली. अक्षरन् अक्षर तेच वाक्य. फक्त वर नाव साहेबांचं.

“वाक्य बरोबर, माणूस चुकला,” तो म्हणाला. “अर्धा चहा तरी दे.”

मंगळवारी, 26 तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं. दुपारी आधी अजित पवारांचा राजीनामा, मग फडणवीसांचा. टीव्हीवर ती पत्रकार परिषद चालू असतानाच माझा फोन वाजला. साहेब, स्वतःहून.

“संध्याकाळी बसवतेयस ना? हे टिकणार नाही, मी म्हणालोच होतो.”

“हो सर,” म्हटलं, आणि सव्वासहाची गाडी त्यांच्या पत्त्यावर लिहून टाकली.