सत्त्याऐंशी ताटांचा हिशेब

शालेय पोषण आहाराचा तांदूळ उतरतो तेव्हा बहुतेक शाळांत पोती मोजायची, ५० किलोनं गुणायचं आणि पोचपावतीवर सही करायची, एवढंच होतं. वजन कोणी करत नाही. यवतमाळकडच्या आमच्या शाळेत तेव्हा सहावीच्या गणितात मापन चालू होतं, म्हणून काटा मुलांच्या हाती दिला.

काटा आधी तपासावा लागतो. अंगणात तो तिरपा बसून चुकतो, म्हणून व्हरांड्यातल्या सपाट फरशीवर ठेवला. त्यावर मिठाचे एकेक किलोचे पाच पुडे ठेवून पाहिले. तेलाचं पाकीट यासाठी चालत नाही, लिटरभर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. मग पोत्याचं तोंड पाहायचं. मशीनचे टाके असतील तर ठीक. दाभणानं हाती सुतळी ओवलेली दिसली की पोतं मध्येच कुठंतरी उघडलंय. हमालाच्या आकड्यानं पडलेल्या भोकातूनही तांदूळ सांडतो, पण पावशेर, फार तर अर्धा किलो. तीन किलो सांडत नाही.

चार पोती भरली ती अशी: ४८.९, ४७.६, ५०.४ आणि ४६.८. एकूण १९३.७. रिकामं पोतं ६०० ग्रॅमचं, चारांचे २.४ किलो वजा. तांदूळ १९१.३ किलो, कागदावर २००.

आकडे मोठ्यानं वाचत होता सहावीतला एक मुलगा, आणि गाडीवरून पोती उतरवत होता त्याचा बाप. शेवटच्या पोत्याला पोरगा थांबला, बापाकडे पाहिलं, आणि मग म्हणाला, "सेहेचाळीस किलो आठशे." बाप काही बोलला नाही. गाडीवाला मात्र बोलला, "कायले वजन करून राह्यले सर? साऱ्या शाळा सही करते."

पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहून, शेरा मारून सही केली. एका सहकाऱ्याच्या मते एवढ्याशा तांदळासाठी वरच्यांशी वाकडं घेऊ नये. मला ते मुळीच पटत नाही. पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. वर्गातल्या एका मुलीनं फळ्यावर लगेच मांडलं: ८.७ किलो म्हणजे लहानांची ८७ ताटं.

आणि चोरी तिथं संपत नाही. वहीत २०० किलो जमा धरले की कोठीत नसलेले ८.७ किलो कुठंतरी खर्ची टाकावेच लागतात. त्याला वाट एकच, हजेरी. शाळेचे दिवस २४ धरले तर रोज तीन-चार गैरहजर पोरं जेवली म्हणून दाखवायची. हजेरी आणि तांदूळ यांची गाठ जुनीच आहे. १९९५ साली योजना आली तेव्हा ८० टक्के हजेरीवर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. आता मात्र कधी एक दाणाही घरी न नेलेला शिक्षक दुसऱ्याची चोरी आपल्या अक्षरात लिहून ठेवतो. पोरांना शेजारी कोण बसलं नव्हतं ते पक्कं ठाऊक असतं. परिपाठात सत्याचा सुविचार आणि दुपारी खोटी हजेरी, यातलं पोरं काय उचलणार?

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही. त्यानंतर आला तो थेट माझ्याकडे. "सर, माह्या बाबानं चोरला का?"

त्याला पोत्याचा सगळा प्रवास फळ्यावर काढून दाखवला: गोदाम, ठेकेदार, गाडी, शाळा. बापाला मजुरी पोत्यामागे मिळते, पोतं ५० चं असो की ४६ चं. पोतं कुठं उघडलं हे मलाही माहीत नाही, तेही सांगितलं. तो म्हणाला, "पण बाबाले उचलताना हलकं लागलंच असन." पाठीवर रोज पोती वाहणाऱ्याला तीन किलोंचा फरक कळतोच. यावर त्याला काय सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही. बाप बोलला असता तर त्याचं गाडीवरचं काम गेलं असतं, हे खरं आहे. पण बारा वर्षांच्या पोराला ते कारण म्हणून द्यावं की नाही?

पुढच्या महिन्यात तीन पोती पूर्ण भरली, चौथं दोन किलोनं कमी. तसा शेरा मारला. वजन त्याच मुलानं वाचलं, गाडीवर हमाल दुसरा होता.