मडक्यातले इन्सुलिन

आज परभणीत भर उन्हात दुपारभर वीज नव्हती, म्हणून फ्रीजमधल्या इन्सुलिनची काळजी मी आमच्या मधुमेही ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिली, तेव्हा सेलूच्या एका निवृत्त गुरुजींनी लगेच कळवले की कुपी कोरड्या डब्यात बंद करून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवावी, पण बर्फाला लावू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरायला काढलेली बहुतेक इन्सुलिने ३० अंशांखाली साधारण २८ दिवस टिकतात, हेही मला त्यांच्याकडूनच समजले. (याच ग्रुपवर कारल्याच्या रसाने गोळ्या सुटल्याचे दावेही फिरतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काहीही सोडत नाही.) संध्याकाळी वीज आली. तरीही रात्री गुरुजींनी विचारलेच, "अण्णा, जेवणाआधी साखर किती होती?" १४२ होती.